अचानक गुरगुरायला लागलेला लॅब्रॅडॉर: स्वभाव बिघडला की काही दुखतंय?

खिडकीतला_पाऊस

लॅब्रॅडॉर, नर, वय ७ वर्षे, वजन ३८ किलो, नसबंदी झालेली, लसी वेळेवर. चार दिवसांपासून नव्याने दिसणाऱ्या गोष्टी:

सोफ्यावर उडी मारत नाही, पुढचे पाय टेकवून थांबतो. डोक्यावरून हात फिरवला की गुरगुरतो, पोटावर-पाठीवर चालतं. जेवतो, पण नेहमीच्या दुप्पट वेळ लावतो. रात्री सारखी जागा बदलतो. काल पाच वर्षांच्या मुलाने गळ्यात हात टाकला तेव्हा हवेत चावा घेतला, दात लागले नाहीत.

घरच्यांचं म्हणणं, लाडाने माजलाय. ट्रेनर म्हणतो, घराचा मालक कोण ते दाखवा, उताणा पाडून शांत होईपर्यंत दाबून धरा. पटत नाहीये. सुरुवात कुठून करावी?

आडवाटेचा_व्हेट

उताणा पाडणं पहिलं बंद. ज्याचं दुखतंय त्याला दाबून धरलं तर पुढचा चावा हवेत नसतो.

सात वर्षं नीट वागलेला कुत्रा चार दिवसांत 'माजत' नाही. माज हळूहळू चढतो आणि तो ठरावीक वस्तूवरून असतो: वाटी, खेळणं, पलंग. इथे बदल अचानक आहे आणि शरीराच्या एकाच भागाशी बांधलेला आहे. डोकं नको, पाठ चालते. दुखणं शोधायची ही सगळ्यात मोठी खूण.

व्हेटकडे जाण्याआधी घरी एवढं करा:

१. मूल आणि कुत्रा एका खोलीत मोठ्या माणसाशिवाय नको. हे आजपासून.

२. मोबाइलवर व्हिडिओ घ्या. बाजूने आणि मागून दहा-बारा पावलं चालताना, बसून उठताना, जेवताना (चेहरा जवळून), पाणी पिताना. दवाखान्यात अ‍ॅड्रेनलिन चढलं की लंगडणारा कुत्राही सरळ चालतो, त्यामुळे घरचा व्हिडिओ तपासणीइतकाच उपयोगी पडतो.

३. गाढ झोपेत श्वास मोजा. १५ सेकंदांतले गुणिले चार. ३० च्या वर सातत्याने असेल तर लिहून ठेवा.

४. हिरड्या बघा, ओठ उचलू दिला तरच. गुलाबी आणि ओलसर हव्यात. बोटाने दाबून सोडल्यावर रंग दोन सेकंदांत परत यायला हवा. पांढरट, पिवळट किंवा विटकरी दिसल्या तर त्याच दिवशी दवाखाना.

५. ताप गुदद्वारात बघायचा. साधा डिजिटल थर्मामीटर, टोकाला व्हॅसलिन, साधारण दोन सेंटिमीटर आत. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट नॉर्मल, १०३ च्या वर ताप. नाक गरम की गार यावरून काही कळत नाही. कुत्रा गुरगुरत असेल तर हा प्रकार सोडून द्या.

दुखरी जागा शोधायला दाबून बघू नका. ते काम मझल (मुसकी) लावून दवाखान्याच्या टेबलावर होऊ दे.

आता तुमची तीन लक्षणं एकत्र ठेवली (डोक्याला हात नको, उडी नको, जेवण हळू) तर संशयित तीन: कान, दाढ, मान.

कान. लॅबचे कान पडलेले, पावसाळ्यात आत ओल राहते आणि यीस्ट वाढतं. आंबूस वास, तपकिरी-काळा मळ, डोकं झटकणं, एक कान खाली धरणं. यात खोबरेल तेल, लसणाचं तेल, हायड्रोजन पेरॉक्साइड, इअरबड यातलं काहीही घालायचं नाही. कानाचा पडदा फाटला असेल तर काही औषधं आतल्या कानात उतरून ऐकू येणं आणि तोल दोन्ही घालवतात. म्हणून आधी पडदा तपासायचा, मळाचा स्वॅब मायक्रोस्कोपखाली बघायचा, मगच ड्रॉप्स. मागच्या वेळची उरलेली बाटली वापरणं हा सर्रास होणारा घोळ, कारण मागच्या वेळी बॅक्टेरिया असतील आणि या वेळी यीस्ट.

दाढ. वरच्या जबड्यातली सगळ्यात मोठी दाढ हाड चावताना पापुद्र्यासारखी उभी तुटते. एका बाजूने चावणं, घास तोंडातून पडणं, कडक बिस्किट उचलून पुन्हा ठेवून देणं. मुळाशी पू झाला की डोळ्याच्या खाली सूज येते आणि लोक गांधीलमाशी चावली असं समजतात. अँटिबायोटिकने सूज उतरते, काही आठवड्यांत परत येते.

मान. मणक्यातली चकती सरकली तर कुत्रा डोकं खाली धरतो आणि बाजूला बघायचं झाल्यास मान न वळवता नुसते डोळे फिरवतो. एक सोपी चाचणी: जेवणाची वाटी जमिनीवरून उचलून छातीच्या उंचीच्या स्टुलावर ठेवा. तिथे भराभर जेवला तर मानेचा संशय बळावतो. दोन्हीकडे सारखाच हळू जेवला तर तोंडाकडे बघा. तोवर गळ्याचा पट्टा काढून हार्नेस, जिने-उड्या बंद. पाय घासत चालला किंवा पंजा उलटा पडायला लागला तर सकाळची वाट बघायची नाही.

(३८ किलो नरासाठीही जरा जास्तच आहे. त्याचं नंतर बघू.)

गोचीडवैरी

व्हेटसाहेबांना अनुमोदन. एक भर. महाराष्ट्रात कुठल्याही 'अचानक चिडचिडा, अचानक सुस्त' कुत्र्याची गोचीड तापासाठी रक्ततपासणी झालीच पाहिजे. एर्लिकियामध्ये (गोचीड तापाचा एक प्रकार) सांधे दुखतात, कुत्रा उठायला कुरकुरतो, हात लावू देत नाही. बाहेरून बघणाऱ्याला ते आळस किंवा राग वाटतं.

बघायच्या जागा: कानाच्या आतली घडी, बोटांच्या बेचक्या, पट्ट्याखाली, काखेत, शेपटीच्या मुळाशी. गोचीड आत्ता अंगावर नसली म्हणून सुटका नाही, ती रक्त पिऊन गळून पडलेली असते.

सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीत) प्लेटलेट कमी आहेत का बघा. स्मिअर (काचेवर पसरून बघितलेला रक्ताचा थेंब) निगेटिव्ह आला म्हणजे आजार नाही असं होत नाही, जंतू त्या थेंबात नसतो एवढंच. संशय पक्का असेल तर पीसीआर. लघवी कॉफीसारखी गडद झाली तर बबेसियाचा (गोचिडीतूनच येणारा दुसरा आजार) विचार लगेच, तिथे औषध वेगळं आहे.

डॉक्सीसायक्लिन एर्लिकियात साधारण २८ दिवस चालतं. चौथ्या दिवशी कुत्रा जेवायला लागतो, मालक गोळी बंद करतो आणि महिन्याभराने पुन्हा तेच. गोळी भरल्या पोटी द्या आणि वर पाणी पाजा. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते.

चिंचेचं_झाड

एवढी धावपळ करण्याआधी एक पेनकिलर देऊन बघायला काय हरकत आहे? आपलीच लहान मात्रेत. फरक पडला तर दुखणं, नाही पडला तर स्वभाव.

आडवाटेचा_व्हेट

हरकत मोठी आहे. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकने कुत्र्याच्या जठरात अल्सर होतात आणि किडनी जाते. पॅरासिटामॉल लिव्हरवर जातं, मात्रा जास्त झाली तर रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद कमी होते. 'लहान मात्रा' माणसाच्या हिशोबाने लहान असते.

दुसरं, व्हेटची पेनकिलरसुद्धा आधीच्या इंजेक्शनशी भांडू शकते. कोणी स्टेरॉइड दिलं असेल आणि दुसऱ्याने त्यावर मेलॉक्सिकॅम दिलं तर उलटीत किंवा काळ्या शीत रक्त दिसायला वेळ लागत नाही. दवाखाना बदलताना आधीच्या चिठ्ठ्या न्या. 'कसलंतरी इंजेक्शन दिलं होतं' यावर औषध ठरवता येत नाही.

पेनकिलर देऊन वागणं बदलतंय का बघणं ही पद्धत खरी आहे, पण ती तपासणीनंतर, कुत्र्यासाठीच्या औषधाने आणि वजनावर मात्रा काढून.

नदीकाठ

घाबरवायचं नाही, पण कुणी विचारलं नाही म्हणून विचारते. अचानक चावायला जाणं म्हणजे रेबीज असू शकतं ना? लस चुकलेल्या कुत्र्यांचं काय?

आडवाटेचा_व्हेट

प्रश्न बरोबर आहे. लसी वेळेवर असलेल्या आणि चार दिवस जेवणाऱ्या या लॅबमध्ये शक्यता फार कमी. पण लस चुकलेली असेल आणि गेल्या काही महिन्यांत भटक्या कुत्र्याशी, मुंगसाशी झटापट झाली असेल तर हा विचार यादीत पहिला.

सुरुवात बहुतेकदा हल्ल्याने होत नाही. माणसांत रमणारा कुत्रा कोपरा धरतो किंवा एकलकोंडा अचानक चिकटू लागतो. मग भुंकण्याचा आवाज घोगरा होतो, जबडा लोंबतो, लाळ गळते, पाणी गिळता येत नाही. इथेच जीवघेणी चूक होते: घशात हाड अडकलं असं समजून माणूस तोंडात हात घालतो. हाड अडकलेला कुत्रा पंज्याने तोंड ओरबाडतो, अस्वस्थ असतो पण माणसं ओळखतो. तरीही लस नसलेल्या, जबडा लोंबलेल्या कुत्र्याच्या तोंडात हात घालायचा नाही.  खोलीत बंद करा, व्हेटला फोनवर आधी सांगा.

चावा किंवा ओरखडा, किंवा जखमेवर लाळ: वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून. मग पोव्हिडोन आयोडीन. हळद, चुना, मिरची नको, पट्टी घट्ट नको. त्याच दिवशी लस. दंडात घ्यायची तर ०, ३, ७, १४, २८ व्या दिवशी, त्वचेत द्यायची पद्धत असेल तर ०, ३, ७, २८. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनसुद्धा (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन). कुत्र्याला दहा दिवस बांधून निरीक्षण करा हे खरं, पण ते लस सुरू केल्यानंतर. दहाव्या दिवशी कुत्रा ठणठणीत असेल तर पुढचे डोस थांबवायचे की नाही ते डॉक्टर ठरवतील.

मुक्ताफळ

धाग्याला जरा फाटा फोडतेय. मादी, चार वर्षांची, नसबंदी नाही. हीट (माजाचा काळ) संपून साधारण सात आठवडे. पलंगाखाली चादर ओढून बसते, एक मऊ खेळणं तोंडात धरून असते, जवळ गेलं की दात दाखवते. स्तन जरा भरल्यासारखे.

सोनसळी

खोटं गर्भारपण. हीटनंतर सहा ते आठ आठवड्यांनी होतं, मेटिंग झालेलं नसतानाही. खेळणं म्हणजे तिच्या लेखी पिल्लू. हिसकावून घेऊ नका. फिरायला गेलेली असताना उचलून ठेवा, चादरीचं घरटं मोडा, फिरणं वाढवा. स्तन दाबून दूध काढायचं नाही, चोळायचं नाही, शेकायचं नाही. जितकं हाताळाल तितकं दूध वाढतं. तीही चाटत असेल तर अंगात टीशर्ट घाला. बऱ्याच जणी दोन-तीन आठवड्यांत आपोआप निवळतात, नाहीतर व्हेटकडे कॅबरगोलिन हे दूध थांबवणारं औषध आहे. नसबंदी करायची असेल तर हे पूर्ण ओसरल्यावर. मध्येच केली तर लक्षणं लांबू शकतात.

आडवाटेचा_व्हेट

सोनसळींनी छान लिहिलंय. पण एक गोष्ट ठळक करतो. गर्भाशयात पू होणं, पायोमेट्रा, हेसुद्धा हीटनंतर याच चार ते आठ आठवड्यांत होतं. मादी पाणी जास्त पिते आहे, लघवी जास्त करते आहे, जेवण सोडलं आहे, उलटी होते आहे, तर घरटं-खेळणं विसरा आणि आजच सोनोग्राफी करा. मागून घाण वासाचा स्राव आला तर निदान सोपं. स्राव नाही आणि पोट फुगलंय, हे जास्त धोक्याचं, कारण गर्भाशयाचं तोंड बंद आहे आणि पू आतच साठतोय. उपचार म्हणजे शस्त्रक्रिया.

आणि ज्यांच्याकडे खरोखर व्यालेली मादी आहे, विशेषतः लहान जातीची: बाळंतपणानंतर पहिल्या चार आठवड्यांत ती धापा टाकत, थरथरत, पिल्लांना सोडून येरझाऱ्या घालू लागली तर कॅल्शियम घसरलंय. पिल्लं ताबडतोब बाजूला करा आणि निघा. शिरेतून कॅल्शियम हळूहळू, हृदयाचे ठोके ऐकत द्यावं लागतं, घरच्या गोळीने भागत नाही.

डांबरी_रस्ता

पावसाळा चालू आहे म्हणून विषबाधेचं लिहितो, कारण 'अचानक वेड्यासारखं करतोय' असा फोन येतो त्यात हे बरंच असतं.

बेडूक (अंगावर फोड असलेला मोठा भेक) तोंडात धरला: फेस, हिरड्या लालभडक, पंज्याने तोंड घासणं. डोकं खाली करून तोंडाच्या एका बाजूने पाण्याची धार सोडा, दुसऱ्या बाजूने बाहेर पडू द्या, ओल्या फडक्याने हिरड्या आणि जीभ पुसत राहा, पाच ते दहा मिनिटं. घशात पाणी ओतलं तर विष पोटात जातं. तोल गेला किंवा झटके आले तर दवाखाना.

उंदराचं औषध: दोन प्रकार, दोन वेगळी वागणी. ब्रोमॅडायोलोनचं (रंगीत वडी) आज काहीच दिसत नाही. तीन ते पाच दिवसांनी कुत्रा मलूल, धाप, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त. खाल्लंय हे माहीत असेल तर लक्षणांची वाट बघू नका. व्हिटॅमिन के१ तीन-चार आठवडे द्यावं लागतं. के३ याला चालत नाही, दुकानदाराने दिलं तरी. झिंक फॉस्फाइडचं (काळपट पूड) मात्र काही तासांत: उलट्या, लसणासारखा वास, थरथर. त्या उलटीतून निघणारा वायू माणसालाही विषारी आहे, गाडीच्या काचा उघड्या ठेवा. वर दूध-भात भरवू नका, जठरात आम्ल वाढलं की वायू जास्त सुटतो. दोन्ही बाबतीत पाकीट सोबत न्या.

मिठाचं पाणी पाजून उलटी काढणं हा जुना घरगुती उपाय कृपया बंद करा. रक्तात सोडियम चढून त्यानेच झटके येतात.

आणि एक, ज्याकडे कोणाचं लक्ष नसतं: गोचिडांसाठी आयव्हरमेक्टिन. कोली, शेल्टी आणि त्यांच्या संकरात एका जनुकातल्या दोषामुळे ते मेंदूत शिरतं. बाहुल्या मोठ्या, भिंतीवर आपटणं, लाळ, तोल जाणं. गुरांसाठीची बाटली घरी आणून अंदाजाने टोचली तर कुठल्याही जातीच्या कुत्र्याला हे होतं.

गच्चीवरचा_वारा

१३ वर्षांचा पॉमेरेनियन, आज सकाळी एकदम कोसळला, डोकं उजवीकडे तिरकं, गोल फिरतो, उलटी झाली. लकवा आहे असं शेजारी सांगतायत. निरोप द्यावा का?

आडवाटेचा_व्हेट

घाई नको! म्हाताऱ्या कुत्र्यांत हे बहुतेकदा आतल्या कानाच्या तोलाच्या यंत्रणेचं असतं. बुबुळं बघा: आडवी झटके मारत हलतायत आणि चारही पाय जोर लावतायत, तर दोन-तीन दिवसांत उतार पडायला लागतो, दोन-तीन आठवड्यांत चालतो. डोकं थोडं तिरकं कायमचं राहू शकतं. तोवर रबरी मॅट, जिना बंद, पाणी वाटी तोंडाजवळ धरून, उलटीचं औषध व्हेटकडून. बुबुळं वर-खाली हलत असतील, एका बाजूचे पाय लुळे असतील किंवा शुद्ध कमी असेल तर प्रकरण मेंदूचं, तिथे वेगळी तपासणी. दोन्ही बाबतींत कान तपासणं आणि आज दाखवणं आलंच.

पट्टा_सोडा

वागणुकीच्या बाजूने थोडं. गुरगुरण्याबद्दल ओरडू नका, मारू नका. कुत्र्याची पायरी अशी असते: तोंड वळवणं, ओठ चाटणं, जांभई, डोळ्यांचं पांढरं दिसणं, अंग ताठ, गुरगुर, हवेत चावा, खरा चावा. गुरगुर मारून बंद केली की दुखणं तसंच राहतं आणि मधली पायरी गळते. मग 'न सांगता चावला' म्हणतात.

दवाखान्यासाठी जाळीचा मझल घ्या, ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतात. कापडी, तोंड आवळणारा मझल काही मिनिटांपुरताच, उन्हात अजिबात नाही, कारण कुत्रा धापेनेच अंग थंड करतो.

दवाखान्यात काहीच सापडलं नाही तर घर तपासा. इन्व्हर्टरची किंवा स्मोक अलार्मची बॅटरी संपत आल्याची टिकटिक, उंदीर पळवायचं अल्ट्रासॉनिक यंत्र (माणसाला सुमारे २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून वर). स्वयंपाकघरात अचानक पाऊल टाकत नसेल तर फ्रिज-वॉशिंग मशीनचं अर्थिंग तपासून घ्या, ओल्या फरशीवर चपलेतल्या माणसाला कळत नाही ते त्याच्या पंज्याला कळतं. आणि प्रौढ वयात पहिल्यांदाच फटाक्यांना किंवा ढोल-ताशाला घाबरायला लागला, तर पुन्हा दुखण्याकडेच वळा. दचकल्यावर स्नायू आवळतात, दुखरा सांधा कळवळतो आणि आवाजाशी दुखणं जोडलं जातं.

खिडकीतला_पाऊस

सगळ्यांचे आभार. वाटी स्टुलावर ठेवून पाहिली, फरक नाही. व्हिडिओ हळू करून बघितला तर फक्त डाव्या बाजूने चावतोय. उजव्या डोळ्याखाली दाबल्याशिवायही किंचित फुगवटा दिसतो. व्हेटने दाढ तुटल्याचं सांगितलं, भूल देऊन एक्स-रे आणि बहुधा काढणं. वय ७ म्हणून भुलीची भीती वाटते. रक्तात प्लेटलेट नॉर्मल, गोचीड ताप नाही.

आडवाटेचा_व्हेट

सात हे भुलीसाठी म्हातारं वय नाही. किडनी-लिव्हरचं रक्त, सीबीसी आणि हृदय तपासून घ्या. विचारायचे प्रश्न तीन: घशात नळी घालणार का (पाणी आणि घाण फुप्फुसात जाऊ नये म्हणून हवीच), शिरेत सलाइन चालू राहणार का, दाताचा एक्स-रे काढायची सोय आहे का. शेवटचं महत्त्वाचं. या दाढेला तीन मुळं असतात, एक्स-रे नसेल तर तुकडा आत राहिला तरी कळत नाही आणि सूज परत येते. अन्न रात्रीपासून बंद, पाणी सकाळपर्यंत चालतं, नक्की वेळ तुमचे डॉक्टर सांगतील. शस्त्रक्रियेनंतर १० ते १४ दिवस मऊ, कोमट जेवण, खेचाखेचीची खेळणी बंद. पुढे हाडं, शिंगं, कडक खुर नको. नखाने दाबून खळगा पडत नसेल ती वस्तू चावायला द्यायची नाही. कापसासारखी मऊ खेळणी तुकडे करून गिळतो का तेही बघा.

पट्टा_सोडा

आणि दाढ निघाल्यावरही हात डोक्याकडे आला की काही आठवडे अंग ताठ करेल, कारण हात म्हणजे कळ हे त्याने शिकलंय. डोक्यावरून हात आणूच नका. बसून छातीच्या पुढे हात, तीन सेकंद खाजवा, थांबा. तो स्वतः पुढे सरकला तर पुन्हा, नाही सरकला तर विषय संपला. ते सहज व्हायला लागलं की खांदा, मग मान, मग गाल, प्रत्येक टप्प्यावर उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा. उजवा गाल सगळ्यात शेवटी. मुलाची पाळी तुमच्यानंतर, आणि त्याच्या बाबतीत गळ्यात हात टाकणं यादीतच नाही.